पेटंट खटल्यातील जबानी : साक्षीदाराला काय विचारता येते?

अमेरिकेतील पेटंट खटल्यांच्या बातम्या बहुधा ज्युरीने ठरविलेल्या भरपाईच्या आकड्यापासून सुरू होतात आणि त्या आकड्यापाशीच संपतात. प्रत्यक्षात ज्युरीपर्यंत पोहोचणारे खटले थोडे असतात. बहुसंख्य वाद तडजोडीने मिटतात किंवा न्यायाधीश सुनावणीपूर्वीच कागदपत्रांवरून त्यांचा निकाल लावतात. असा वाद कोणत्या बाजूने झुकणार, हे पुष्कळदा एखाद्या वकिलाच्या कार्यालयातील बैठकीच्या खोलीत ठरलेले असते. तेथे न्यायाधीश नसतो आणि ज्युरीही नसते. एक साक्षीदार, दोन्ही बाजूंचे वकील, प्रत्येक शब्द टिपून घेणारा लघुलेखक आणि बहुतेक वेळा एक व्हिडिओ कॅमेरा, एवढाच काय तो सरंजाम. साक्षीदाराला शपथ दिली जाते आणि प्रश्नोत्तरे सुरू होतात. यालाच तेथे ‘डिपॉझिशन’ म्हणतात.

मराठीत त्याला जबानी म्हणता येईल, मात्र पोलिसांपुढे दिल्या जाणाऱ्या जबाबाशी त्याची गल्लत करू नये. ही जबानी दिवाणी खटल्यातील आहे, शपथेवरची आहे आणि ती प्रतिपक्षाने घेतलेली असते. सुनावणीत साक्षीदाराने वेगळे काही सांगितले, तर त्याचे आधीचे उत्तर त्याच्यापुढे वाचून दाखविता येते. साक्षीदार हा स्वतः प्रतिपक्ष असेल, किंवा प्रतिपक्ष असलेल्या कंपनीचा अधिकारी वा तिने नेमलेला प्रवक्ता असेल, तर त्याची जबानी सुनावणीत कोणत्याही कारणासाठी वापरण्याची मुभा नियमांनीच दिली आहे. म्हणूनच अशा जबानीत काय विचारता येते आणि कशाचे उत्तर नाकारता येते, या प्रश्नाला पेटंटच्या वादात मोठे मोल आहे.

याचे उत्तर भारतीय वाचकाला काहीसे विचित्र वाटेल. विचारण्यावर जवळजवळ बंधन नाही. बंधने आहेत ती नाकारण्यावर.

अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमावलीतील 26 व्या नियमाने ही कक्षा आखली आहे. कोणत्याही पक्षाच्या दाव्याशी किंवा बचावाशी संबंधित असलेली आणि खटल्याच्या गरजेच्या प्रमाणात असलेली कोणतीही माहिती विचारता येते, मात्र ती विशेषाधिकाराने संरक्षित नसावी. ती माहिती पुरावा म्हणून ग्राह्य ठरेलच असे नाही, आणि तशी अटही नाही. ऐकीव गोष्टही विचारता येते, कारण तिच्यावरून खऱ्या पुराव्याचा माग लागू शकतो. ‘प्रमाणात’ हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे. 2015 मध्ये झालेल्या दुरुस्तीने तो कक्षेच्या व्याख्येतच आणून ठेवला. वादाची रक्कम, प्रश्नाचे महत्त्व, माहिती कोणाच्या हाती आहे आणि ती काढून घेण्याचा भार किती, याचा हिशेब तेव्हापासून अधिक काटेकोरपणे मांडला जाऊ लागला. संख्येची आणि वेळेची मर्यादा त्याआधीचीच आहे. 1993 पासून न्यायालयाची परवानगी वा परस्पर संमती नसल्यास प्रत्येक बाजूला दहा जबान्या घेता येतात, तर 2000 पासून प्रत्येक जबानीला एक दिवस आणि सात तास मिळतात. दुभाष्या लागणार असेल तर वेळ वाढवून मिळण्यास ते सबळ कारण ठरू शकते, असे नियमावलीवरील अधिकृत टिपणीत नमूद आहे.

हरकत घ्यावी, पण उत्तर द्यावे

जबानीत साक्षीदाराचा वकील शेजारीच बसलेला असतो. प्रश्न सूचक आहे, संदिग्ध आहे, एकात दोन प्रश्न गुंफले आहेत, असे वाटल्यास तो हरकत नोंदवितो. ही हरकत थोडक्यात नोंदवावी लागते. तिच्यात युक्तिवाद नको आणि साक्षीदाराला उत्तर सुचविणारा इशाराही नको. हरकतीची नोंद होते आणि साक्षीदाराला तरीही उत्तर द्यावे लागते. हरकत योग्य होती की नाही हे न्यायाधीश पुढे ठरवतील. प्रश्नाच्या रूपाविषयीची हरकत मात्र तेव्हाच घ्यावी लागते. ती मागाहून सुचली तर उपयोग नाही. उलट प्रश्न मुळातच गैरलागू होता, हा आक्षेप सामान्यतः सुनावणीपर्यंत शिल्लक राहतो. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला ‘हा असंबद्ध आहे’ म्हणून अडविणारा वकील बहुतांशी वेळ दवडत असतो.

‘उत्तर देऊ नका’ असे वकिलाला साक्षीदारास सांगता येते ते केवळ तीन प्रसंगी. एक, विशेषाधिकार राखण्यासाठी. दुसरा, न्यायालयाने आधीच घातलेली मर्यादा पाळण्यासाठी. आणि तिसरा, जबानी दुष्ट हेतूने किंवा साक्षीदाराचा छळ, अपमान होईल अशा रीतीने चालविली जात असल्याने ती थांबविण्याचा अर्ज करावयाचा असेल तेव्हा. प्रश्न अडचणीचा आहे, हे यापैकी कोणतेही कारण नव्हे. प्रश्न कंपनीचे व्यापारी गुपित उघड करणारा आहे, हेही एरवी कारण होत नाही. त्यासाठी आधी न्यायालयाकडून संरक्षण आदेश घ्यावा लागतो. तो मिळाला की गुपित सांगावे तर लागतेच, फक्त ते प्रतिपक्षाच्या बाहेरील वकिलांपुरते आणि तज्ज्ञांपुरते राहते. प्रतिस्पर्धी कंपनीच्या अभियंत्यांना त्या वेळी खोलीबाहेर जावे लागते. पेटंटच्या खटल्यात दोन्ही बाजू पुष्कळदा एकाच बाजारातील स्पर्धक असतात. त्यामुळे असा आदेश हा येथे अपवाद राहिलेला नाही, तो नित्याचाच झाला आहे.

प्रश्न विचारल्यावर आणि उत्तर देण्यापूर्वी साक्षीदाराने वकिलाच्या कानाशी लागावे काय? पेनसिल्व्हेनियातील संघीय न्यायाधीश रॉबर्ट गॉथ्रॉप यांनी 1993 मध्ये ‘हॉल विरुद्ध क्लिफ्टन प्रिसिजन’ या प्रकरणात याला ठाम नकार दिला. विशेषाधिकाराचा प्रश्न वगळता जबानी चालू असताना, मधल्या सुटीतसुद्धा, साक्षीदाराने आपल्या वकिलाशी उत्तरांविषयी खलबत करू नये, असे त्यांनी बजावले. सर्व न्यायालये इतकी कडक नाहीत, तरी या निर्णयाचा दाखला अजूनही दिला जातो.

संशोधकाला विचारले जाते ते काय

पेटंटच्या खटल्यातील सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे पेटंटवर ज्याचे नाव आहे तो संशोधक. सामान्य वाचकाची समजूत अशी, की आपल्या पेटंटचा अर्थ काय हे तोच सर्वांत चांगले सांगू शकेल. कायद्याची दृष्टी नेमकी याउलट आहे. पेटंटच्या शेवटी क्रमांकवार दिलेली जी कलमे असतात, ज्यांना ‘क्लेम’ म्हणतात, ती मालकीच्या जमिनीची हद्द आखतात. त्या हद्दीचा अर्थ लावणे हे न्यायाधीशाचे काम आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ‘मार्कमन विरुद्ध वेस्टव्ह्यू’ खटल्यात ठरविले. पुढे 2008 मध्ये ‘हाउमेडिका विरुद्ध राइट मेडिकल’ प्रकरणात पेटंटविषयक अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने आणखी स्पष्ट केले, की क्लेम लिहिताना संशोधकाच्या मनात काय होते याला अर्थनिर्णयात स्थान नाही. ‘या शब्दाने आपल्याला काय अभिप्रेत होते?’ हा प्रश्न तरीही जबानीत सर्रास विचारला जातो. प्रश्नकर्त्या वकिलाला त्याचे उत्तर न्यायाधीशापुढे फारसे उपयोगाचे नाही हे ठाऊक असते. पण संशोधक गोंधळला, तर तडजोडीच्या टेबलावर त्या गोंधळाची किंमत होते.

‘ही कल्पना सुचायला किती दिवस लागले?’ हा असाच एक प्रश्न. संशोधन वर्षानुवर्षांच्या कष्टाने झाले की एका दुपारी सुचले, यावर त्याची पेटंटयोग्यता अवलंबून नाही, असे अमेरिकी पेटंट कायद्याच्या 103 व्या कलमातच म्हटले आहे. 2007 च्या ‘केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स’ निकालानुसारही कसोटी संशोधकाची नसून त्या क्षेत्रातील सामान्य कुशल व्यक्तीची आहे.

खरा धोका आहे तो घटनांविषयीच्या साध्या, निरुपद्रवी भासणाऱ्या प्रश्नांत. ते प्रथम कोणाला दाखविले? कोणत्या तारखेला? त्या वेळी आराखडा पूर्ण झाला होता काय? किंमत सांगितली होती काय? वेन पफ यांचा खटला याचे ठळक उदाहरण ठरावे. संगणकाच्या चिप बसविण्याच्या सॉकेटचे पेटंट त्यांच्या नावावर होते. अर्ज दाखल झाला तो 19 एप्रिल 1982 रोजी. तत्कालीन कायद्यानुसार त्याच्या वर्षभर आधीच्या तारखेपूर्वी, म्हणजे 19 एप्रिल 1981 पूर्वी, ती वस्तू विक्रीस निघाली असेल तर पेटंट टिकत नसे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने 30,100 सॉकेटच्या तोंडी मागणीला लेखी दुजोरा दिला होता तो 8 एप्रिल 1981 रोजी. अवघ्या अकरा दिवसांचे अंतर. त्या दिवशी एकही सॉकेट प्रत्यक्ष तयार नव्हता, आणि वस्तूच नसेल तर ती विक्रीला होती असे कसे म्हणावे, असा पफ यांचा युक्तिवाद होता. मात्र आपण नमुना करण्याच्या भानगडीत न पडता आराखड्यावरून थेट उत्पादनाच्या साच्याकडे जातो, ही आपली पद्धत त्यांनी स्वतःच साक्षीत सांगितली होती. आराखडाच इतका पूर्ण असेल तर संशोधन ‘पेटंटसाठी सिद्ध’ होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये म्हटले आणि पेटंट बाद ठरविले. कारागिराने आपल्या हातोटीविषयी अभिमानाने सांगावे आणि तेच त्याच्यावर उलटावे, असा हा प्रकार. विक्री गुप्त असली तरी नियम तोच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ‘हेल्सिन विरुद्ध तेवा’ प्रकरणात सांगितल्यामुळे नव्या कायद्याखालीही या प्रश्नांची धार बोथट झालेली नाही.

शोध नेमका केव्हा लागला, हा प्रश्न 16 मार्च 2013 पासूनच्या अर्जांसाठी बराच निष्प्रभ झाला आहे. त्या दिवसापासून अमेरिकेने प्रथम शोध लावणाऱ्याऐवजी प्रथम अर्ज करणाऱ्या संशोधकाला हक्क देणारी पद्धत स्वीकारली. त्याआधी अर्ज केलेली पेटंटे अद्याप संपलेली नाहीत, आणि त्यांच्या खटल्यात संशोधकाला जुन्या वह्यांची पाने उलटावी लागतात. कारण येथे केवळ त्याचा शब्द पुरत नाही. त्याला दुसरा आधार लागतो. या बाबतीत वारंवार उद्धृत होणाऱ्या एका निकालावरील नाव मराठी वाचकाला परके वाटणार नाही. डॉ. सखाराम माहूरकर यांनी रक्तशुद्धीकरणासाठी, म्हणजे डायलिसिससाठी, दुहेरी मार्गाची नळी तयार केली होती. ‘माहूरकर विरुद्ध सी. आर. बार्ड’ या 1996 च्या प्रकरणात प्रश्न होता तो प्रतिपक्षाने दाखविलेल्या एका छापील माहितीपत्रकाआधी डॉक्टरांचे संशोधन झाले होते काय, हा. आपण घरच्या स्वयंपाकघरात नमुने तयार केले आणि रक्ताऐवजी ग्लिसरीन वापरून त्यांच्यातील प्रवाहाच्या चाचण्या घेतल्या, असे त्यांनी साक्षीत सांगितले. एवढ्यावर भागले नसते. पण त्या काळच्या अन्य कागदपत्रांनी त्यांच्या कथनाला दुजोरा दिला आणि पेटंट वैध राहिले. साक्षीदाराला दोन-तीन दशकांपूर्वीच्या खरेदीच्या पावत्यांविषयी तासन्‌तास का विचारले जाते, याचे उत्तर यात आहे.

आणखी एक प्रश्न वरवर सौजन्याचा वाटतो : ‘या कामात आपल्याला कोणाची मदत झाली?’ साक्षीदार मोकळेपणाने तंत्रज्ञाचे वा सहकाऱ्याचे नाव घेतो. त्या सहकाऱ्याचा एखाद्या क्लेमच्या कल्पनेत खरोखर वाटा असेल आणि पेटंटवर त्याचे नाव नसेल, तर तो संपूर्ण पेटंटचा सहमालक ठरू शकतो. ‘एथिकॉन विरुद्ध युनायटेड स्टेट्स सर्जिकल’ या 1998 च्या प्रकरणात असेच झाले. वगळलेल्या सहसंशोधकाला प्रतिवादी कंपनीने शोधून काढले, त्याच्याकडून परवाना घेतला आणि खटलाच निकालात निघाला. त्याचा हातभार केवळ दोन क्लेमना लागला होता.

पेटंट कार्यालयापासून काही दडविले काय, हा प्रश्नांचा आणखी एक समूह. अर्जदाराने आपल्याला ठाऊक असलेली महत्त्वाची माहिती कार्यालयाला कळविणे बंधनकारक आहे. ‘हा लेख आपण अर्जापूर्वी वाचला होता काय? मग तो कार्यालयाला का दिला नाही?’ या दोन प्रश्नांवर एके काळी कित्येक पेटंटांचे भवितव्य टांगणीला लागत असे. आरोपांचा हा पूर ओसरला तो 2011 मधील ‘थेरासेन्स’ निकालाने. दडविलेली माहिती मिळाली असती तर पेटंट दिलेच गेले नसते आणि दडविण्यामागे फसविण्याचा विशिष्ट हेतू होता, या दोन्ही गोष्टी आता ठोस पुराव्याने दाखवाव्या लागतात. प्रश्न विचारले जातातच; निष्कर्ष मात्र पूर्वीसारखा झटपट काढता येत नाही.

कंपनीच्या वतीने बोलणारा

नियम 30 मध्ये एक अभिनव तरतूद आहे. प्रतिपक्ष एखाद्या व्यक्तीला न बोलाविता खुद्द कंपनीला बोलावू शकतो. विषयांची यादी दिली जाते आणि कंपनीला त्या विषयांवर बोलणारी व्यक्ती नेमावी लागते. ही व्यक्ती स्वतःच्या माहितीपुरती बोलत नाही. कंपनीला जे ज्ञात आहे वा वाजवी शोध घेतल्यास ज्ञात होऊ शकते, ते सारे तिने तयारीनिशी सांगावयाचे असते. ‘मी तेव्हा कंपनीत नव्हतो’ हे येथे उत्तर होत नाही. विषयांच्या यादीवरून होणारे तंटे इतके वाढले, की 2020 च्या दुरुस्तीने दोन्ही बाजूंना त्याबाबत आधी चर्चा करणे बंधनकारक केले. दहा जबान्यांच्या मोजणीत अशी सूचना एकच धरली जाते. मात्र कंपनीने तीन माणसे नेमली तर प्रत्येकासाठी स्वतंत्र सात तास मिळतात.

या प्रवक्त्याला ‘आपले उत्पादन आमच्या तिसऱ्या क्लेमचे उल्लंघन का करीत नाही?’ असे विचारता येईल काय? उत्पादन कसे चालते, ते कोणी आखले, पर्यायी रचना का नाकारली, एवढे निश्चित विचारता येते. परंतु क्लेमचा प्रत्येक शब्द उत्पादनाला लावून दाखविणे हे कायदेशीर युक्तिवादाचे काम आहे. कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने 1991 च्या ‘मॅककॉर्मिक-मॉर्गन विरुद्ध टेलिडाइन’ प्रकरणात अशी भूमिका घेतली, की पेटंटच्या गुंतागुंतीत असे युक्तिवाद लेखी प्रश्नावलीने मागविणे बरे, माणसाला खुर्चीत बसवून नव्हे. हा दंडक सर्वत्र सारखा पाळला जातो असे नाही; न्यायाधीशागणिक त्यात फरक पडतो.

विशेषाधिकाराची भिंत मात्र सर्वत्र आहे आणि पेटंटच्या वादात तिच्याभोवती सतत झटापट चालते. संशोधकाने कंपनीच्या कायदा विभागाला संशोधनाची माहिती देणारा जो अर्ज भरलेला असतो, तो कायदेशीर सल्ला मिळविण्यासाठीच असेल तर गोपनीय राहतो, असे फेडरल सर्किटने 2000 मध्ये स्पॉल्डिंग कंपनीच्या प्रकरणात मान्य केले. वकील नसलेल्या, पण पेटंट कार्यालयापुढे काम करण्याची नोंदणी असलेल्या एजंटाशी झालेल्या पत्रव्यवहारालाही त्याच न्यायालयाने 2016 मध्ये क्वीन्स विद्यापीठाच्या प्रकरणात मर्यादित संरक्षण दिले. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. संरक्षण असते ते वकिलाशी झालेल्या संभाषणाला. त्यात उल्लेखिलेल्या घटनेला नव्हे. ‘वकिलाला काय सांगितले?’ हे विचारता येत नाही, पण ‘त्या दिवशी प्रयोगशाळेत काय घडले?’ याचे उत्तर द्यावेच लागते. सर्वोच्च न्यायालयाचा 1981 चा ‘अपजॉन’ निकाल हेच सांगतो. शिवाय हा विशेषाधिकार कंपनीचा असतो, कर्मचाऱ्याचा नव्हे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाला तो स्वतःच्या मर्जीने सोडून देता येत नाही.

कधी कंपनीच ही भिंत पाडते. उल्लंघन जाणूनबुजून केल्याचा आरोप झाला, तर भरपाई तिपटीपर्यंत वाढू शकते. ‘आम्ही वकिलाचा सल्ला घेऊनच हे उत्पादन बाजारात आणले’ असा बचाव घेतल्यास त्या विषयावरील इतर सल्लाही उघडा पडतो. 2011 च्या कायद्याने एवढा दिलासा दिला, की सल्ला घेतला नाही किंवा तो सादर केला नाही, यावरून जाणीवपूर्वक उल्लंघनाचा निष्कर्ष काढता येत नाही.

तज्ज्ञ साक्षीदारांची गोष्ट सोपी आहे. त्यांचा लेखी अहवाल आल्यानंतरच त्यांची जबानी होते. अहवालाचे कच्चे खर्डे आणि वकिलाशी झालेला बहुतेक पत्रव्यवहार 2010 पासून संरक्षित आहे. त्यांचे मानधन, वकिलाने पुरविलेली आणि मत बनविताना विचारात घेतलेली तथ्ये, आणि वकिलाने गृहीत धरावयास सांगितलेल्या व त्यांनी आधार म्हणून घेतलेल्या गोष्टी, एवढे मात्र विचारता येते. ज्याने पेटंट मंजूर केले त्या सरकारी परीक्षकाला बोलाविण्याचा मोह वकिलांना होतो, पण तेथे दार बरेचसे बंद आहे. ‘वेस्टर्न इलेक्ट्रिक विरुद्ध पिझो टेक्नॉलॉजी’ या 1988 च्या निकालानुसार परीक्षकाला वस्तुस्थिती विचारता येते, परंतु त्याने तसा निर्णय का घेतला, हे विचारता येत नाही. अर्धन्यायिक अधिकाऱ्याच्या मनात डोकावण्यास न्यायालये तयार नाहीत.

न्यायालयाबाहेर, पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळापुढे, 2012 पासून पेटंटच्या फेरतपासणीची स्वतंत्र प्रक्रिया चालते. तेथील हवा अगदी वेगळी आहे. साक्षीदाराची सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते आणि उलटतपासणी त्या प्रतिज्ञापत्राच्या कक्षेबाहेर जाऊ शकत नाही. उलटतपासणीला सात तास, फेरतपासणीला चार आणि त्यानंतरच्या उलटतपासणीला दोन, असे वेळेचे गणित आहे. ज्याने प्रतिज्ञापत्रच दिले नाही अशा संशोधकाला तेथे सहजासहजी खेचता येत नाही. त्यासाठी मंडळाची वेगळी परवानगी लागते, आणि 2013 मधील ‘गार्मिन विरुद्ध कुओझो’ आदेशापासून ती मिळविणे अवघड मानले जाते. एकाच पेटंटवर दोन्हीकडे वाद चालू असेल, तर जो प्रश्न न्यायालयीन जबानीत सहज विचारता येतो, तोच मंडळापुढील जबानीत कक्षेबाहेरचा ठरू शकतो.

मुंबई-पुण्याशी संबंध

हे सारे सातासमुद्रापलीकडचे वाटले तरी त्याची झळ इथवर पोहोचते. अमेरिकेत जेनेरिक औषध आणू पाहणाऱ्या कंपन्यांवर 1984 च्या हॅच-वॅक्समन कायद्याखाली डेलावेअर व न्यूजर्सीच्या न्यायालयांत खटले भरले जातात. त्यांत मुंबईतील मोठ्या औषध कंपन्याही असतात. मूळ कंपनीने सूचना मिळाल्यापासून 45 दिवसांत खटला भरला, तर जेनेरिक औषधाची मंजुरी साधारणपणे 30 महिने लांबणीवर पडते. त्या मुदतीत औषधाचे सूत्र बसविणाऱ्या शास्त्रज्ञाला, नोंदणी विभागाच्या अधिकाऱ्याला जबानीसाठी बसावे लागते. अमुक घटकच का निवडला, मूळ औषधाचे कोणते कागद समोर ठेवले होते, पर्याय तपासले काय, असे प्रश्न येतात. ‘जबानीच्या तयारीसाठी कोणती कागदपत्रे चाळली?’ हा प्रश्न तर ठरलेलाच. स्मरण ताजे करण्यासाठी वापरलेला कागद प्रतिपक्षाला दाखविण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

भारतीय साक्षीदाराला ही पद्धत गोंधळात टाकते, याचे कारण आपली प्रक्रिया वेगळी आहे. भारतात सुनावणीपूर्व जबानीची प्रथाच नाही. लेखी प्रश्नावली आणि कागदपत्रांचे प्रकटीकरण एवढ्यावर तो टप्पा संपतो. सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते, उलटतपासणी न्यायाधीशापुढे वा न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तापुढे. गंमत अशी, की 1872 च्या पुरावा कायद्यापासून आपल्याकडे उलटतपासणी सरतपासणीतील विषयांपुरती मर्यादित नव्हती आणि 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ती मोकळीक ठेवली आहे. अमेरिकेत सुनावणीतील उलटतपासणी सामान्यतः सरतपासणीच्या विषयांपुरती असते. तेथे मोकळे रान आहे ते जबानीत.

आणखी एक तफावत कंपन्यांना महागात पडू शकते. कंपनीच्या पगारी कायदा अधिकाऱ्याला दिलेली माहिती अमेरिकेत वकील-अशील गोपनीयतेत बसू शकते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 31 ऑक्टोबर 2025 रोजी असा निर्वाळा दिला, की अशा अधिकाऱ्याला साक्ष अधिनियमाच्या 132 व्या कलमाखाली वकिलाचा विशेषाधिकार मिळत नाही. भारतीय कायद्याविषयी भारतात झालेल्या संभाषणाला कोणत्या देशाचा नियम लावावयाचा, यावर अमेरिकी न्यायालयात वाद घालता येतो, आणि तो घातला जातो.

उरला तो नोकरी सोडलेला संशोधक. अमेरिकेत राहणारे कितीतरी मराठी अभियंते आपल्या जुन्या कंपनीच्या पेटंटवर संशोधक म्हणून नोंदलेले आहेत. खटल्याशी त्यांचे देणेघेणे नसते, तरी समन्स येऊ शकते. घर, नोकरी वा नियमित व्यवसायाच्या ठिकाणापासून शंभर मैलांपलीकडे मात्र अशा त्रयस्थ व्यक्तीला सामान्यतः बोलावता येत नाही, आणि दिवसाचा कायदेशीर भत्ता चाळीस डॉलर आहे. भारतात परतलेल्यांना अमेरिकी समन्स एरवी बांधत नाही. पण अमेरिकी नागरिकत्व घेऊन पुण्यात येऊन राहिलेल्याला, त्याची साक्ष न्यायासाठी आवश्यक असून अन्य मार्गाने मिळत नसल्यास, अमेरिकी न्यायालय परदेशातही समन्स काढू शकते. इतरांसाठी मार्ग उरतो तो विनंतीपत्राचा. परदेशातील पुराव्याविषयीच्या 1970 च्या हेग करारात भारत 2007 मध्ये सहभागी झाला. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेचे 78 वे कलम आणि आदेश 26 यांनुसार परदेशी न्यायालयाच्या विनंतीवरून उच्च न्यायालय आपल्या क्षेत्रातील साक्षीदार तपासण्यासाठी आयुक्त नेमू शकते. अशा वेळी प्रश्नांची यादी विनंतीपत्रासोबत आलेली असेल, तर बैठकीच्या खोलीतील ऐसपैस सात तास साक्षीदाराच्या वाट्याला येतीलच असे नाही.

कोठेही झालेली असो, जबानी संपली म्हणजे सारे संपत नाही. साक्षीदाराने वा एखाद्या पक्षाने जबानी संपण्यापूर्वी तशी मागणी केली असेल, तर लिखित प्रत तयार झाल्याची सूचना मिळाल्यावर साक्षीदाराला 30 दिवसांत ती वाचून दुरुस्त्या सुचविता येतात. नियमाच्या शब्दांनुसार आशयातही बदल करता येतो, मात्र प्रत्येक बदलाचे कारण द्यावे लागते. ‘होय’ चे ‘नाही’ करणाऱ्या दुरुस्तीकडे अनेक न्यायालये संशयाने पाहतात. मूळ उत्तर नोंदीत राहतेच, आणि दुरुस्तीविषयी विचारण्यासाठी जबानी पुन्हा उघडण्याची परवानगी प्रतिपक्ष मागू शकतो.